वामनकाकांची वाकळ

आमच्या बोरी अरब गावात वामनकाकांनी ज्याला नाव ठेवलं नाही असा माणूस शोधायचा तर मसणाकडे जावं लागेल, आणि तिथंही खात्री नाही. बाजारात कापूस तोलणारा धावजी त्यांच्यामुळं 'पासंग' झाला. शेजारच्या तानाबाई 'भोंगा' झाल्या, कारण त्यांनी पोरांना हाक मारली की कापसाच्या जिनातले मजूर सुट्टी झाली समजून निघतात, असं काका सांगत. मी दारव्ह्याला मॅट्रिकला बसलो आणि गणितात आपटलो, तेव्हापासून मी 'अर्धी म्याट्रिक'. काकांनी दिलेलं नाव पोस्टमनसुद्धा पाठ करतो.

एकच नाव त्यांनी थट्टेनं ठेवलं नव्हतं, ते स्वतःच्या मुलाचं. इंदूकाकूंची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून हा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून उचलला आणि नाव ठेवलं उकंडा. असलं नाव ऐकून काळही नाक मुरडतो म्हणतात. उकंडा जगला, वाढला, चौथीत पहिला आला. यवतमाळच्या बोर्डिंगात त्याला जागाही मिळाली. आणि पोरगा म्हणाला, मी जात नाही.

कारण तो सांगेना. काकांना मात्र ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं, आणि आमच्या दोन्ही घरांच्या मधला तुरीच्या तुऱ्हाट्यांचा कूड विरळ असल्यानं मलाही होतं. रोज सकाळी त्या कुडामागं, गोठ्याच्या आडोशाला, एक ओली वाकळ वाळत पडायची.

काकांनी उपाय थोडे केले नाहीत. तीळगूळ चारून झाला. गंडा बांधून झाला. दिवेलागणीनंतर पाणी बंद झालं, तेही चैताच्या उन्हाळ्यात. पोरगा ओठ चाटत झोपायचा आणि तरी सकाळी व्हायचं तेच व्हायचं. मग काकांचा हात उठायचा. मारताना ते ओरडत नसत, उकंडाही रडत नसे. शेजारी कळू नये याची बापलेकांत तेवढी एकी होती. ज्यानं सगळ्या गावाला नावं ठेवली, त्याच्या पोराला गाव काय नाव ठेवील, या धाकानं काका सुकत चालले होते.

अशात यवतमाळला एका शाळेच्या हॉलात नागपूरचे लेकरांचे डॉक्टर येणार असं कळलं. काका मला म्हणाले, चल, तुले ते पुस्तकातलं मराठी समजते. आपल्याला गावच्या कामासाठी जायचं आहे, असंही दोनदा बजावलं. गावचं कोणतं काम, ते मी विचारलं नाही. कधी कधी अर्धी मॅट्रिकही पुरते.

हॉल बायका-लेकरांनी भरला होता. स्टेजवर तीन डॉक्टर: एक टकले, एक चष्मेवाले आणि एक पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई. जुलाबात लेकराचं पाणी तोडू नका, पेज द्या, ताक द्या, असं टकल्यांनी सांगितलं. बिब्ब्यानं पोट डागू नका असं चष्मेवाले म्हणाले, तेव्हा पुढच्या चार बायांनी लेकरांची झबली खाली ओढली. खरूज झाली, जंत झाले, डोळे येणं झालं. मग कुणाला काही विचारायचं का म्हटल्यावर काका उठले.

"आमच्या गावात एक पोट्टा हाय," ते म्हणाले. "हुशार हाय. पण अंथरुणात... म्हंजे राती..." आणि पुढचा शब्द काही येईना. गावभर शब्द उधळणारा माणूस एका शब्दापाशी अडला.

डॉक्टरांना समजलं. टकले म्हणाले जंत असतील. चष्मेवाल्यांचं मत पडलं की मूत्राशय लहान असेल. मग दोघं इंग्रजीत भांडू लागले. मला त्यातलं 'नो नो' तेवढं नीट समजलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि काकांना विचारलं, मुलाच्या घरात आणखी कुणाला हे होतं का? त्याच्या वडिलांना, लहानपणी?

"मले काय मालूम? दुसऱ्याचं पोट्टं हाय," काका म्हणाले.

"मग वडिलांनाच पाठवा," बाई म्हणाल्या. "आणि सांगा, मूल हे झोपेत करतं. त्याला मारणं म्हणजे घोरणाऱ्याला मारणं."

मागून कुणीतरी म्हणालं, "पयले बाप कोरडा झाला का नाही, ते पाहा लागते." सगळा हॉल हसला. आवाज ओळखीचा होता. मी मागं वळलो, तर पासंग, मांडीवर नातू घेऊन बसलेला. त्याला बिचाऱ्याला पोरगा कुणाचा हे ठाऊक नव्हतं. त्यानं नुसता काकांकडूनच शिकलेला विनोद केला होता.

काकाही हसले, सवयीनं. मग ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे भरले. ते खाली बसले. मी म्हटलं, सुटलो. तर ते पुन्हा उठले.

"बाई, पोट्टं माहंच हाय. अन् बापाले होतं. मिसरूड फुटेपावतर होतं."

आता कुणी हसलं नाही. लोक हसले असते तर बरं, असं मला वाटलं.

"तुम्हाला कोण मारायचं?" बाईंनी विचारलं.

"बाप."

"मारून थांबलं?"

काकांनी मान हलवली, नाही म्हणून. मग ती मान वर झालीच नाही. परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि ते पायांकडे. धावजीही त्याच गाडीत होता, नातवाला घेऊन सगळ्यात मागच्या बाकावर.

दुसऱ्या सकाळी मी दात घासत होतो. काका गोठ्याकडून ओली वाकळ घेऊन आले आणि भर रस्त्यावरच्या भिंतीवर, दारासमोर, पसरू लागले. उकंडा उंबऱ्यात उभा. तानाबाई घागर घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, आणि भोंगा वाजला, "वामनराव, कोनाची वाकय हाय हे?"

"माही," काका म्हणाले. "लहानपनापासूनची."

तानाबाईंनी वाकळीकडं पाहिलं, मग उंबऱ्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

"बाबा," उकंडानं विचारलं, "तुले भी होतं?"

"हो."

"मंग तू बोर्डिंगात गेलता?"

काका वाकळीची सुरकुती काढत राहिले. "नाही. मले दारव्ह्याले धाडून राह्यले होते. मी नाही म्हनलो. काहून, ते कोनालेच सांगतलं नाही."

जूनमध्ये उकंडा गेला, पेटीत तळाला मेणकापड घेऊन. बोर्डिंगच्या मास्तरांना काकांनी मान खाली घालून स्वतः सगळं सांगितलं. अजून अधूनमधून होतं म्हणे. मास्तर चादर बदलतात आणि कुणाला सांगत नाहीत.

काका मात्र तेव्हापासून कुणाला नाव ठेवत नाहीत. मला परवा चक्क माझ्या नावानं हाक मारली. मी इकडंतिकडं पाहिलं, कुणाला बोलावताहेत म्हणून.