वायरलेसच्या खोलीतून फुटणारी बातमी

नोकरीत पुष्कळ गुन्हे हाताळले आणि त्यांतले बरेच आता विसरलोही आहे. वायरलेसच्या खोलीतली ती एक चौकशी मात्र विसरता आलेली नाही. त्या चौकशीत खोटा कोणी ठरला असेल तर तो मीच होतो. संबंधितांपैकी काही जण अजून हयात आहेत, म्हणून कोणाचेही नाव घेत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. पालघरचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तारापूरला मोठे बांधकाम सुरू झाले होते आणि बोईसरपासून किनाऱ्यापर्यंत मजुरांच्या छावण्या पडल्या होत्या. मी त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. ठाण्यात वायरलेस होता, पण तो जुना, टिकटिक करून संदेश पाठवणारा. त्यावर बसणारा हवालदार मासवणकडच्या एका डोंगरी वस्तीतला. त्यांच्या घरी पावसावरची थोडीशी भातशेती होती. त्या वस्तीतून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. मितभाषी माणूस. टिकटिक ऐकता ऐकता त्याची पेन्सिल कागदावर अशी चालायची की शेजारी बसून कोणी त्याला तोंडी सांगत असेल असे वाटावे.

मग वरून हुकूम आला आणि जुने यंत्र जाऊन तोंडी बोलायचे नवे यंत्र आले. त्याचे दोन भाग होते. पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर माइक, बोलण्यासाठी दाबायची पट्टी आणि तांबडा दिवा. संदेश बाहेर फेकणारे मोठे यंत्र मागच्या खोलीत. त्याला सील होते आणि खोलीची किल्ली माझ्याकडे. पट्टी दाबली की दिवा लागायचा आणि आपला आवाज मुख्यालयात पोचायचा. पट्टी सोडली की दिवा विझायचा, मग तिकडचे ऐकू यायचे. शिपाई लोक गमतीने येऊन बघून जायचे.

रोज दुपारी चार वाजता हवालदार दिवसभराचा अहवाल मुख्यालयाला वाचून दाखवत असे. त्याला दहा-बारा मिनिटे लागत. तो संपला की मी आणि ठाणे अंमलदार त्याच खोलीत बसून दुसऱ्या दिवशीच्या छाप्यांचे ठरवायचो. दार बंद होणारी ती एकच खोली होती. बाहेरच्या कानांपासून लांब, म्हणून आम्ही ती निवडली होती.

नवे यंत्र येऊन महिना झाला असेल. मुख्यालयाच्या तक्रारी सुरू झाल्या. अहवालानंतर तुमच्याकडून नुसती घरघर येते, हाक मारली तर उत्तर मिळत नाही. तंत्रज्ञ दोनदा येऊन गेले. माइकसमोर ‘एक, दोन, तीन’ म्हटले, दिवा पाहिला, यंत्र ठीक आहे असा शेरा मारला आणि गेले. तिसऱ्या तक्रारीनंतर ठपका आला तो हवालदारावर. तो कामावर झोपतो, असे मुख्यालयाने लिहिले.

त्याच सुमारास एका छावणीत विषारी दारू पिऊन दोन मजूर दगावले आणि तिसऱ्याची दृष्टी गेली. तो तिसरा विशीतला होता. दवाखान्यात तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता की दिवस आहे की रात्र. दारूबंदीचा काळ होता. खाडीतल्या तिवरांमध्ये भट्ट्या लागत आणि दारू टायरच्या ट्यूबांत भरून सायकलीवरून छावण्यांत जाई. मी ओळीने पाच छापे घातले. पाचही ठिकाणी चुली गरम होत्या, माणूस एकही नव्हता. एके ठिकाणी तर त्यांनी आमच्यासाठी चटई अंथरून ठेवली होती.

माझा एक खात्रीचा खबऱ्या होता. तो येऊन म्हणाला, तुमच्या वायरलेसच्या खोलीतून बातमी फुटते. याहून जास्त त्याला माहीत नव्हते.

हिशेब सोपा वाटला. त्या खोलीत बोलणे व्हायचे तेव्हा तिघे असायचे. मी, ठाणे अंमलदार आणि हवालदार. अंमलदार माझा बारा वर्षांचा सहकारी. हवालदारावर आधीच ठपका. शिवाय त्याच्या वस्तीतली काही माणसे छावण्यांत मजुरीला होती. मी त्याला बोलावले आणि दोन दिवस समोर बसवून ठेवले. कोणाला भेटतोस, सुटीत कुठे जातोस, घरावर नवी कौले कशी चढली, सगळे विचारले. आवाज चढवला. त्याच्या देखत त्याच्या बायकोचा जबाब घ्यायला माणूस पाठवला. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

तो चिडला नाही, रडला नाही, हातही जोडले नाहीत. विचारले तेवढ्याचे उत्तर देत राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हणालो की आता खरे काय ते सांग. तेव्हा त्याने खिशातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली.

“साहेब, माझ्यावर संशय ठेवा. माझं काय म्हणणं नाय,” तो म्हणाला. “पण थोडा यंत्रावर पण ठेवा.”

त्या वहीत नवे यंत्र आल्यापासूनच्या प्रत्येक संदेशाची नोंद होती. कधी सुरू झाला, कधी संपला, नंतर मुख्यालय पुन्हा कधी ऐकू आले. त्याने एक गोष्ट हेरली होती. छोटा संदेश दिला की यंत्र ठीक चाले. आठ मिनिटांच्या वर बोलणे झाले की पट्टी सोडल्यावरही मुख्यालय ऐकू येत नसे. मग वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने आपोआप ऐकू येऊ लागे. त्याचा अंदाज असा होता की मागच्या खोलीतले यंत्र तापून कुठेतरी अडकते आणि दिवा विझला तरी ते बोलण्यावरच राहते. दिवा पट्टीला जोडलाय, यंत्राला नाही, म्हणून तो फसवतो. तंत्रज्ञ आले तेव्हा त्यांनी अर्धे मिनिट बोलून पाहिले, त्यात हे कसे दिसणार?

मी विचारले की हे आधी का सांगितले नाहीस. तो म्हणाला की तीन आठवड्यांपूर्वी अर्ज दिला होता. अहवालाच्या वेळी मागची खोली उघडी ठेवावी, म्हणजे यंत्र बोलण्यावर असले की वर जाणारा त्याचा काटा पाहता येईल. त्यावर माझाच शेरा होता: ‘नियमात बसत नाही.’

मी फाइल काढली. अर्ज होता, शेरा होता, खाली माझी सही होती. तरीही मला पटले नाही, किंवा पटवून घ्यायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या निलंबनाची शिफारस लिहायला घेतली.

मी लिहीत असतानाच मुरब्याच्या एक कोळीणबाई ठाण्यात आल्या. सुकी मासळी विकायला त्या बोईसरच्या छावण्यांपर्यंत जात आणि आमच्याकडेही त्यांचा रतीब होता. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. त्या दिवशी त्यांनी टोपली उतरवलीच नाही. दारात उभ्या राहिल्या.

“सायेब, माझे बोंबील खारट नाय हाय.”

मला काही उलगडा होईना. त्या म्हणाल्या, “चार दिसामागं तुमी बोलले ना, बाईचे बोंबील मागल्या टायमाला खारट होते म्हनून? सगल्या हाटेलानी आयकलं. मानसं हसली मला.”

कोणत्या हाटेलाने, मी विचारले. छावणीच्या रस्त्यावरच्या. तिथे मोठा रेडिओ आहे, गाणी लागतात. दुपारी चारनंतर मालक काटा फिरवतो, मग गाणी बंद होतात आणि पोलीस बोलतात. ठरावीक चार-पाच माणसे तेव्हा रेडिओजवळ येऊन बसतात. आमी समजलो तुमचाच कायतरी कारेक्रम हाय, बाई म्हणाल्या.

बोंबलांचे ते वाक्य मी बोललो होतो. वायरलेसच्या खोलीतच बोललो होतो, अहवाल संपल्यावर, दिवा विझलेला असताना. हवालदाराने ते बाहेर जाऊन सांगितले असेल अशी शंका घेण्याइतका मीसुद्धा मूर्ख नव्हतो. बाईंना बसायला सांगितले, पाणी दिले, आणि ही गोष्ट कोणाजवळ काढू नका अशी विनंती केली. त्यांनी ती पाळली. गावात बोलक्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या बाई आठवडाभर गप्प राहिल्या, हे मी मोठेच उपकार मानतो.

मी हवालदाराला बोलावले आणि पडताळा कसा घ्यायचा ते त्यालाच विचारले. त्याने पाच मिनिटांत सांगितले, म्हणजे त्याने ते आधीच ठरवून ठेवले होते. मागची खोली मी उघडून द्यावी. सीलला हात न लावता अंमलदाराने काट्यासमोर उभे राहावे. आणि मी बराच लांब जाऊन साध्या रेडिओवर ऐकावे.

बाईंच्या शेजारी एका बोटमालकाकडे रेडिओ होता. दुपारी मी साध्या कपड्यांत मुरब्याला गेलो. घरात जाळी विणायचे काम चालले होते, ते थांबवून सगळे बाजूला सरकले. हवालदाराने सांगितलेल्या जागी रेडिओचा काटा आणला आणि चार वाजता त्याचा आवाज लागला. नेहमीचा अहवाल. चोरी एक, मारामारी एक, रेल्वे फाटकाजवळ बेवारस सायकल. अकरा मिनिटांनी तो ‘संपले’ म्हणाला. मग शांतता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तोच आवाज, जरा लांबून, अहवालाचा सूर नसलेला.

“साहेब, मी पट्टी सोडली हाय. दिवा विझला. माइकपासून चार पावलं लांब, दाराशी उभा हाय. तुमाला हे आयकू येत आसंल, तर मी बातमी फोडली नाय.”

बोटमालकाच्या घरातली माणसे माझ्याकडे पाहत होती. मी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, ती पुन्हा घालायचे मला सुचले नाही. परत आल्यावर अंमलदार म्हणाला की काटा अहवाल संपल्यावरही पंचवीस मिनिटे खाली आलाच नाही.

मी तंत्रज्ञांना लगेच बोलावणार होतो. हवालदारानेच अडवले. यंत्र चार दिवस आहे तसेच राहू द्या, तो म्हणाला, हॉटेलात बसणाऱ्यांना ऐकू द्या. वरिष्ठांकडे मी स्वतः जाऊन परवानगी आणली, कागदावर काहीच घातले नाही. दुसऱ्या दिवशी अहवालानंतर आम्ही तिघे त्या खोलीत थांबलो आणि उत्तरेकडच्या खाडीवर छापा घालायचे मोठ्याने ठरवले. मी अंमलदाराशी वादही घातला. हवालदार दाराशी उभा राहून आमची नाटके ऐकत होता आणि त्या सगळ्या काळात पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिले.

आमच्या अपेक्षेप्रमाणे भट्टीवाल्यांनी माल दक्षिणेकडच्या खाडीत हलवला. तिथे पहाटेपासून आमची माणसे तिवरांत बसली होती. उजाडल्यावर सायकली आल्या, ट्यूबा आल्या, आणि त्यामागून भट्टीचा मालक आला. तोच हॉटेलाचाही मालक निघाला. पंचांसमक्ष रेडिओ जप्त केला तेव्हा तो हिंदीत म्हणाला, “साहब, मैंने क्या चुराया? आप ही तो रोज बताते थे.” विषारी माल त्याच्याच भट्टीचा होता हे पुढे शाबीत झाले आणि त्याला शिक्षा झाली.

मग तंत्रज्ञ आले. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने हवालदाराची वही पहिल्या पानापासून वाचली आणि मग सील तोडले. बोलणे आणि ऐकणे यांची अदलाबदल करणारा एक लहानसा खटका तापला की चिकटत होता. मुख्यालय लांब, म्हणून माइकपासून दूरचे आमचे बोलणे तिथे घरघरीत बुडून जाई; जवळपासच्या रेडिओवर मात्र ते स्वच्छ येई. त्याने तो बदलला आणि दिव्याची तारही यंत्राला जोडली. नंतर त्याने हवालदाराला विचारले की बाहेरून नुसते घड्याळ पाहून तुम्ही आतला खटका कसा ओळखलात. हवालदार म्हणाला की खटका असतो हे त्याला माहीतच नव्हते. केव्हा बिघडते तेवढे तो लिहीत गेला.

बक्षिसाची शिफारस मी केली आणि ती मान्य झाली. पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. सोमवारच्या हजेरीला सगळे ठाणे उभे असताना मी हवालदाराची माफी मागितली. अंमलदाराला ते आवडले नाही. खुर्चीवरच्या माणसाने असे करू नये, असे त्याचे मत होते. हवालदार सावधानमध्ये उभा होता, तसाच राहिला. हजेरी सुटल्यावर तो माझ्या खोलीत आला. मला वाटले आभार मानायला आला असेल. त्याने एवढेच विचारले की त्याच्या बायकोचा जो जबाब घेतला, तो कागदावर राहणार का.

मी तो कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

त्यानंतर बरीच वर्षे मी लोकांचे जबाब घेतले. आवाज चढवून माणसाला बोलते करणे मला चांगले जमत होते. पण या माणसाने पहिल्या तासापासून खरेच सांगितले होते, इतकेच नव्हे तर तीन आठवडे आधी लेखी दिले होते, आणि मी त्यावर सही केली होती. पुढे कोणताही अर्ज समोर आला की शेरा मारण्यापूर्वी मी तो लिहिणाऱ्याला आत बोलावत असे आणि बसायला खुर्ची देत असे. हाताखालच्यांना माझी ही सवय वेळखाऊ वाटायची. निवृत्त होईपर्यंत मी ती सोडली नाही.