एक सूचना, एक लवंग

माझ्या मुलीला काही सांगण्याआधी बाई माझ्या हातावर लवंग ठेवायच्या. "दाताखाली धरा, भाऊ. आता तुमचं बोलणं बंद."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे मुलाला शिकवायला येतं आणि बापालाच शिकवून जातं. बाई तिरोड्याच्या आसपासच्या शाळांमध्ये स्वमग्न मुलांना शिकवत. शनिवारी आमच्या घरी येत. माझ्या मुलीला ऐकू सगळं येतं. पण एकामागून एक सूचना आल्या की त्या एकमेकींत अडकतात. मग ती जागची हलत नाही, नाहीतर पळत सुटते.

"चप्पल घाल," एवढंच सांगून बाई गप्प बसत. मुलगी भिंतीकडे बघत बोटं हलवत राही. इकडे माझा जीव वरखाली. एकदा लवंग चावून मी बोललोच. चप्पल घाल, चल, उशीर होतो, इकडे बघ.

"धानाच्या गिरणीवाणी काऊन चालून राहिले, भाऊ?" बाई म्हणाल्या. "पोरगी निघालीच होती. तुम्ही तिले परत पाठवलं."

बायको तोंडाला पदर लावून हसली. पण खरंच, थांबलं की चपला पायात जायच्या. उलट्या, पण जायच्या.

आता बाईंची बदली देवरीकडे झाली आहे. त्या गेल्यापासून मला मुलीच्या शाळेची, आम्हा पालकांसोबतची बोदलकशाच्या तलावावरची सहल सारखी आठवते.

फोन वाजला म्हणून मी मुलीचा हात सोडला. वर बघतो तर ती तलावाच्या उतारावरून पाण्याकडे निघालेली. मी ओरडलो. थांब, मागे ये, पाणी खोल आहे, बाबाकडे बघ. प्रत्येक हाकेला तिचा वेग वाढत गेला. मी धावणार तेवढ्यात बाईंनी मागून माझा सदरा धरला.

"तुम्ही धावले का थे बी धावते. चूप राहा."

त्या एकट्याच बाजूने खाली उतरल्या आणि काठावरच्या दगडावर बसल्या. मुलीचे पाय पाण्यात गेले होते.

"इथं बस," बाई म्हणाल्या. मग काहीच नाही.

मुलगी पाण्याकडे बघत उभी राहिली. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. अजून एक पाऊल, आणि पुढे उतार सरळ खाली जात होता.

मग ती वळली, आली आणि बाईंना चिकटून बसली.

मी खाली पोचलो. मुलीला उचललं आणि बाईंना उठायला हात दिला. त्यांनी तो धरला, पण त्या उठल्या नाहीत.

"थोडं बसू द्या, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "मले पोहता येत नाही."