मुखेडला गिटार कुणी वाजवलं

मुखेडच्या एका लग्नात मी माझ्या गिटारचा आवाज स्वतःच्या हातानं बंद केला आणि आख्खं गाणं वाजवत बसलो.

आमचा लातूरचा ऑर्केस्ट्रा लहान. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून सगळे मला सर म्हणतात; वाजवण्याशी त्या मानाचा काही संबंध नाही. आमचे प्रमुख म्हणजे ढोलकीवाले काका. त्यांनी निघायच्या आठवडाभर आधीच बजावलं होतं, "सर, कीबोर्डात गिटार हाय. बटन दाबलं की वाजतंय. मुखेडला लोकांला तुमचं आवडलं तर ठीक, न्हाई तर पुढच्या सीझनला कीबोर्डावरच भागवतो."

गाडीतली जागा वाचवायला मी स्वस्तातला एक डिजिटल अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, घेतला. जेवणाच्या डब्याएवढा, पण पोटात वीस मोठमोठ्या अँपचे आवाज. कोणता हवा ते मोबाइलवरून निवडायचं. घरी मी ते वीसही आवाज घासून घेतले. बायको म्हणाली, "आवाज वीस झाले, पण चुकताय अजून त्याच एका ठिकाणी."

दुपारचं बौद्ध लग्न होतं. मंडपात अँप लावला आणि तो घुंऽऽ करायला लागला. मंडपाची वायरिंगच तशी. काकांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी घाईनं मोबाइल उघडला. त्यात नॉइज गेट नावाची सोय असते: हळू आवाज अडवायचा, मोठा सोडायचा. घुंघुं हळू, म्हणून ती अडते. थोडं फिरवलं, थोडी कमी झाली. मग पूर्ण फिरवलं, पूर्ण गेली. सगळ्या तारांवर जोरात एक कॉर्ड मारून बघितली. खणखणीत!

पण गाणं होतं संथ बुद्धगीत आणि त्याची सुरुवात गिटारची, बोटांनी अलगद छेडायची. अलगद म्हणजे हळू आणि हळू म्हणजे गेटवर अडणार, एवढं त्रैराशिक गणिताच्या मास्तराला सुचलं नाही.

मी डोळे मिटून सुरू केलं. काय गोड, गोल आवाज! मनात म्हटलं, एवढ्याशा पैशात काय चीज गवसली. मानही डोलावली. दुसऱ्या कडव्यात घाम डोळ्यांत उतरला म्हणून हात काढून पुसला, तर गिटार वाजतच होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, डिजिटल आहे, काहीही करेल. मग कीबोर्डवाल्याकडं नजर गेली. माझा पहिला सूर आलाच नाही हे बघून त्यानं बटन दाबलं होतं. डाव्या हातानं पाणी पीत तो उजव्या हातानं मला वाजवत होता.

उरलेलं गाणं मी बोटं इमानदारीनं हलवली.

गाणं संपल्यावर नवरदेवाचे मामा स्टेजवर चढले. माझा हात धरून म्हणाले, "सर, काय गिटार वाजवलंत हो! काळीज हाललं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "रियाज आहे."

कीबोर्डवाल्याला ठसका लागला.

मामा खाली उतरले. काका ढोलकी खोळीत घालत होते. मी हळूच विचारलं, "काका, मग पुढच्या सीझनला?"

"या की," काका म्हणाले. "लोकांला आवडलंय. फक्त तो डबा घरी ठेवा. तुमच्या हातातलं गिटार फोटूत लई चांगलं दिसतंय."