घोडीच्या वाटणीची डाळ

आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी लीद बघतात. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ज्यांच्या दारात वरातीची घोडी आहे, त्यांना विचारा. लीद ओलसर आणि नीट पडलेली दिसली की घरातल्यांचे चेहरे सैल होतात. नाही दिसली तर मी चहात साखर टाकायची विसरते, आणि कुणी कुरकुरही करत नाही.

घोडी पांढरीशुभ्र आहे. ढोकीच्या आसपास नवरदेवाला तशीच लागते. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती माळेगावच्या जत्रेतून आणली तेव्हा मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता घर तिच्यावरच चालतं. लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. तो घोडीवर चढण्याआधी त्याची आत्या भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ ओंजळीत घेऊन घोडीच्या तोंडापुढं धरते. घोडीनं खाल्लं की येणारी सून सुखानं नांदणार. आत्या झाली की मावशी, मग करवल्या, मग मांडवात कुणी विचारलं नाही म्हणून सकाळपासून फुगून बसलेली एखादी चुलती. घोडीवाल्यानं नको म्हटलं, तर त्यानं लग्नाला नाट लावला.

मी मालकांना कितीदा सांगितलं होतं, "त्या मुक्या जनावराचं पोट हाय का पोतं?"

"अगं, मान हाय तिचा. न्हाय कसं म्हणू?"

मान म्हटलं की आमच्या भागात पुढं बोलायची सोयच राहत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका गावी दोन सख्ख्या भावांची लग्नं एकाच मांडवात होती. नवरदेव दोन आणि घोडी एक, म्हणून परण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. आत्या त्याच, मावश्या त्याच. पण धाकट्याच्या नावानं डाळ चारली नाही असं कसं चालेल? त्यामुळं सगळ्या बायका दुसऱ्यांदा ओंजळी भरून आल्या. मालक लगाम धरून हसत उभे राहिले.

दुपारी घोडी टेम्पोतून उतरली ती पाण्याला तोंड लावेना. मान वळवून सारखी स्वतःच्या कुशीकडं बघायला लागली. पुढच्या पायानं माती उकरली, मग धाडकन आडवी होऊन लोळायला लागली. शेजारच्या गावची घोडी अशीच पोटशूळानं गेली होती. तिचा मालक आता कारखान्याच्या हंगामात उसाच्या मोळ्या वाहतो.

मी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते. "निघतोच. तोवर तिला उभी करून चालवत राहा. लोळू देऊ नका, आणि तोंडानं काही पाजू नका," ते म्हणाले.

फोन ठेवला तर शेजारचे भाऊजी बांबूची नळी आणि तेलाची वाटी घेऊन अंगणात हजर. बैलाचं पोट फुगलं की नळीनं तेल पाजायचं, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक आहे. मालकांनी घोडीचं तोंड वर धरलंसुद्धा. मी भाऊजींच्या हातातून नळी काढून घेतली.

"अवं, ती बैल न्हाय. डाक्टर न्हाय म्हणलेत."

"मरू द्या मग," असं म्हणून भाऊजी वाटी तिथंच ठेवून गेले. अजून ते आमच्याशी नीट बोलत नाहीत.

डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही कुशींना कानातली नळी लावून बराच वेळ ऐकलं, तिच्या हिरड्या बघितल्या, इंजेक्शन दिलं. मग नाकातून लांब नळी घालून पोटात तेल सोडलं. म्हणाले, "घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेलं खालूनच बाहेर पडलं पाहिजे. लीद पडली तर वाचली. आतड्याला पीळ पडला असेल तर माझ्या हातात काही नाही. ऑपरेशन पुण्याकडं होईल, पण खर्च मोठा आहे, आणि एवढा रस्ता ती उभ्यानं काढेल याची मी खात्री देणार नाही."

मालकांनी पिकअपवाल्याला बोलावून घेतलं. गाडी येऊन रस्त्याला उभी राहिली. मालक तिकडं बघत होते, मग माझ्या कानांकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला घोडीची दया येत होती आणि तिचा रागही येत होता. सगळ्यात जास्त राग त्या ओंजळींचा येत होता. कानातली सोन्याची फुलं मोडायला माझी ना नव्हती. पण फुलं मोडून, गाडीत घालून, ती वाटेतच गेली तर? आणि नाही पाठवली, आणि इथंच गेली तर? दोन्हीकडून तेच दिसत होतं. मालक एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं तिला अंगणात, मग रानाच्या कडेनं फिरवत राहिलो. ती घामानं निथळत होती. थांबली की आम्ही ओढायचो.

ऊन कलल्यावर तिनं शेपटी उचलली. लीद थोडीशीच होती. मालक तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. पिकअपवाला चहा पिऊन रिकामा परत गेला.

जाताना डॉक्टरांनी बजावलं, "दर वेळी असं होणार नाही. डाळ बंद करा."

बंद करा म्हणणं सोपं. जवळची लग्नं आम्ही सोडली, घेतलेला इसार परत केला. मी एक मुसकं शिवलं, मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात तसं, वर जरीचा काठ लावून. मालकांनी ते हातात घेऊन बघितलं. "नवरदेवाच्या घोडीला मुसकं? लोकं मलाच बांधत्याल." ते खुंटीला टांगलं, ते तिथंच आहे.

त्यानंतरच्या पहिल्या लग्नाला मी बरोबर गेले. माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. आत्याबाई ओंजळ भरून पुढं आल्या, घोडीनं मान लांब केली, आणि मालकांनी मध्ये स्वतःची ओंजळ धरली.

"आक्का, डाक्टरनं तिचं खाणं बंद केलंय. तिच्या वाटणीचं म्या खातो."

वाजंत्री थांबली. कुणीतरी मागून म्हणालं, "मंग नवरदेव ह्यांच्याच पाठीवर बसवा." सगळे हसले. मालकांनी मान खाली घालून ती डाळ खाल्ली. म्हाताऱ्या आत्याबाईंनी थोडा विचार केला, घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग मालकांच्याही. मागं मावश्या ओंजळी घेऊन उभ्याच होत्या.

आता गावोगावच्या बायका सरळ मालकांपुढंच येतात. भिजवलेली कच्ची डाळ, वर गूळ, भर उन्हात. त्यांनाही नको म्हणता येत नाही, आणि त्यांचं पोट काही तरणं राहिलेलं नाही. थोडं तोंडात टाकून बाकीची खिशात घाला म्हटलं, तर म्हणतात, खोटं केलेलं बरं न्हाय.

काल परण्याहून आले ते बाजेवर कुशीला वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडले. कपाळ घामानं डबडबलेलं. मी ओवा घेऊन गेले.

"लई दुखतंय का?"

"माझं ऱ्हाऊ दे. तिनं लीद टाकली का, ते बघ आधी."

मी गोठ्यात जाऊन बघितलं. टाकली होती. परत आले, त्यांच्या हाताला धरून उठवलं आणि अंगणात चालवत राहिले.