नावड्याच्या अध्यक्ष बाई

तमाम चहाबाजांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नावडे गावातल्या एका म्हशीची अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली होती. आणि ती मी, गुरांचा डॉक्टर, पूर्ण शुद्धीवर असताना केली होती.

गोठा एका मावशींचा. त्यांच्या म्हशींच्या कासा एकेक करून सुजत होत्या. दुधात गाठी, दूध मोरीत. एकदा कासेचा सड कायमचा बंद पडला की म्हैस विकण्यावाचून इलाज नसतो, म्हणून मावशी हवालदिल. मी धारेच्या वेळी जाऊन उभा राहिलो तर रोगाची वाट समोरच दिसली. सगळ्यांत आधी सुजलेली थोरली म्हैस. मावशी रोज पहिली धार तिचीच काढत आणि तेच हात पुढच्या म्हशीला लावत.

हात धुणं, सड औषधात बुडवणं मावशींनी लगेच कबूल केलं. थोरलीला शेवटी घ्या म्हटल्यावर मात्र बादली खाली ठेवली.

"थोरल्या जावंला शेवटच्या पंगतीला बसवू? तुमच्या घरी चालंल?"

आमच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये शेवटची पंगत माझीच असते, हे मी सांगितलं नाही. छाती फुगवून विचारलं, सभेत सगळ्यांत शेवटी कोण बोलतं? अध्यक्ष. मग मान कुठला मोठा?

मावशींनी थोरलीकडे निरखून पाहिलं. ती खरंच अध्यक्षांसारखी दिसत होती. ऐकत कुणाचंच नव्हती, तोंड मात्र चालू.

ठराव मंजूर झाला. पहिले काही दिवस अध्यक्षांनी हंबरून गोठा डोक्यावर घेतला, तेव्हा मावशींनी जादा पेंडीचा सत्कार सुरू केला. ही युक्ती त्यांची, माझी नव्हे. नवी सूज थांबली. थोरलीही औषधाने सावरली.

मग ती पदवी गावभर पसरली, कास सुजलेली म्हैस म्हणजे अध्यक्ष. पूर्वी कास सुजली की लोक लाजेने लपवत, मला कळेपर्यंत निम्मा गोठा आजारी. आता फोन येऊ लागले, "डॉक्टर, आमच्यात अध्यक्ष झालेत, लवकर या." रोगाला मान मिळाल्यावर लाज कसली.

पुढे गावात पशुपालकांचा मेळावा झाला. मावशी पहिल्या रांगेत, शेजारी मी. भाषणांवर भाषणं झाली. अखेर एक वजनदार पुढारी उठले आणि निवेदकाने जाहीर केलं की आता सर्वांत शेवटी आपले माननीय अध्यक्ष. टाळ्या थांबल्या, मंडप शांत झाला, आणि मावशी कळवळून म्हणाल्या,

"अगो बाय, यांचा पन सड सुजलाय काय?"