चिपची साक्ष

चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण ही फजिती माझीच आहे आणि मी ती रंगवून सांगणार आहे.

कागलच्या एमआयडीसीत मी ड्रायव्हर लिहितो. नाही हो, गाडीचा नाही! कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला चालवणारा प्रोग्राम. सुरू झाला की तो आधी कार्डावरच्या चिपला विचारतो, 'बाई, तू कितवी आवृत्ती?' पहिली म्हणाली तर काम रडतखडत, तिसरी म्हणाली तर सुसाट.

दिवाळीच्या तोंडावर गडमुडशिंगीच्या डेअरीत आमची दूध मोजायची मशीनं संध्याकाळचं दूध यायच्या आत सुरू करायची होती. कार्डं रफीकभाईंच्या दुकानातली. तिसरी आवृत्ती सांगून घेतलेली. आणि स्क्रीनवर काय? पहिली!

एक मशीन आणि लॅपटॉप उचलून मी तडक दुकानात. इतक्या वर्षांची ओळख, तरी आवाज चढवलाच.

"जुना माल गळ्यात मारताय व्हय?"

"साहेब, चिपवर छापलंय की तिसरी! हे भिंग घ्या, बघा."

"छापायला काय जातंय? चिप सोताच पहिली म्हणतीया!"

बिचाऱ्यांनी दुसरं कार्ड दिलं. पहिली! तिसरं दिलं. पहिली! मला तर चेवच चढला. दुकानात ही गर्दी! रफीकभाईंचा चेहरा उतरला.

"वडलांपासनं दुकान हाय, साहेब. असं आजवर कोण बोललं न्हाय."

मग त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड उपसून माझ्यापुढं ठेवलं. "ही दुसरी आवृत्ती. रोज वापरतोय. लावा."

लावलं. पहिली!

"आता माझ्या घरची बी खोटं बोलती व्हय?"

हळूच प्रोग्राम उघडला. आत माझीच ओळ: चिपला विचारू नकोस, पहिलीच समज. शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं. खंडेनवमी झाली की काढतो.'

चाचणीसाठी टाकली होती हो! दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पूजेला बसला, हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी हत्याराला हात लावतात का कोण? मग दसरा आला, सोनं वाटण्यात मी सगळं विसरलो. चिप बिचारी बोललीच नव्हती, तिच्या तोंडून मीच बोलत होतो!

ओळ काढली. विकत घेतलेली सगळी कार्डं तिसरी, रफीकभाईंचं घरचं तेवढं दुसरी! गर्दीसमोरच हात जोडले, "रफीकभाई, चुकलो. माल चोख हाय तुमचा."

ते खो खो हसले. चहा सांगितला, भिंग उचललं आणि माझ्या कपाळाला लावून म्हणाले, "थांबा की साहेब. पहिली आवृत्ती घावली!"