यंत्राला पुन्हा बोलते करणारे सबनीसकाका

सबनीसकाकांना मी पहिल्यांदा पाहिले ते वेलचेरीच्या शेअर ऑटोत. ऑटो नेहमीप्रमाणे खच्चून भरला होता आणि माझ्यासमोर एक सद्गृहस्थ मांडीवर पिवळट पडलेला कीबोर्ड घेऊन, झोपलेले मूल सांभाळावे तसे बसले होते. शेजारच्या बाईंची भाजीची पिशवी त्यावर टेकली, तेव्हा ते अदबीने "कोंजम पोरुंगो, अम्मा", म्हणजे जरा थांबा, असे म्हणाले आणि मग स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "एक कळ निखळली तर मिळायची नाही कुठे." चेन्नईत अवचित मराठी कानावर पडले की ओळख काढल्याशिवाय राहवत नाही. मी विचारले, "काका, हा अजून चालतो?" त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या थोरल्या भावाविषयी वावगे बोलले होते. "चालतो म्हणजे? घरी या, दाखवतो."

मी गेले. तेव्हापासून जातेच आहे.

श्री. गजानन सबनीस मूळचे साताऱ्याकडचे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात यंत्रदुरुस्ती करण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते इथलेच झाले. घरातली एक खोली त्यांनी संगणकांना दिली आहे. सगळे असे, की ज्यांच्या कंपन्या कधीच बंद पडल्या आणि ज्यांची नावे आमच्या पिढीने ऐकलेलीही नाहीत. वेलचेरीत पाणी शिरले त्या वर्षीची गोष्ट सुमतीकाकू अजूनही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. "यांनी आधी सगळे संगणक गच्चीच्या जिन्यात नेले, मग मला हाक मारली." काका शांतपणे खुलासा करतात, "अगं, तुला पोहता येतं." काकूंना हसू आवरत नाही, आणि पाहुण्यांना कॉफी मिळते.

काकांची काम करण्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. मी ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात सॉफ्टवेअर तपासते. आमच्याकडे पडद्यावर काहीही आले तरी न वाचता "पुढे" दाबायची सवय सगळ्यांनाच आहे. काका जुन्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवतात, तेव्हा पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात, तिचा अर्थ सांगतात, आणि होकाराची कळ स्वतः कधीच दाबत नाहीत. ती ज्याचे यंत्र त्यानेच दाबायची. "यंत्र त्यांचं, होकारही त्यांचाच. आपण फक्त अर्थ सांगायचा." मला या रीतीचा कंटाळा यायचा, हे लपवत नाही. एक फ्लॉपी बदलायला एवढे प्रवचन कशाला, असे वाटे. तांबरमजवळच्या अंध मुलींच्या शाळेत गेलो, तेव्हा ते वाटणे थांबले.

त्या शाळेत ब्रेल छापणारे एक जुने यंत्र आहे. जाड कागदावर ते ठिपके ठोकते आणि मुली बोटांनी वाचतात. हे यंत्र एकाच संगणकाचे ऐकते, आणि तो संगणक काकांच्या खोलीत शोभेल असाच. त्याची हार्डडिस्क गेली आणि छपाई थांबली. विश्वस्तांनी ठरवले की आता मुलींना ध्वनिमुद्रित धडेच द्यावेत. ते दुष्ट नव्हते, फक्त घाईत होते. दुपारी भंगारवाला येणार होता. शाळेच्या शेंबगम टीचर स्वतः अंध आहेत. त्या काकांना म्हणाल्या, "सर, ऐकून गोष्ट कळते. पण माझ्या मुलींना स्पेलिंग कुठून येणार? त्यांना वाचता यायला हवं." एवढेच त्यांचे मागणे होते. हे यंत्र गेले असते, तर शाळेतून वाचनच गेले असते.

काकांनी जुन्या सामानाच्या गल्लीतून शोधलेली डिस्क बसवली आणि आपल्या संग्रहातल्या फ्लॉप्या काढल्या. पहिली चालली. दुसरी घातली, आणि यंत्र घरघरून अडले. पडद्यावर आले, वाचता येत नाही. तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा माझे लक्ष घड्याळाकडे होते. काकांनी मात्र फ्लॉपीचा कप्पा उघडला, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस आत फिरवला. कापूस लालपिवळा होऊन बाहेर आला.

आयुधपूजेला इथे घरोघर, दुकानोदुकानी हत्यारांना आणि यंत्रांना चंदन-कुंकू लावतात. शेंबगम टीचर दरवर्षी ही पूजा मनोभावे करत. दिसत नसल्यामुळे त्या चाचपून संगणकाची कपाळपट्टी शोधत, आणि कपाळ म्हणून त्यांच्या बोटाला नेमकी फ्लॉपीची फट लागत असे. वर्षानुवर्षांचे चंदन आत वाळून बसले होते.

काकांनी तो कापूस टीचरच्या बोटांना लावला. त्यांनी वास घेतला आणि चंदन ओळखले. "अय्यो! मीच केलं हे?"

"डिस्क वयानं गेली, अम्मा, तिचा याच्याशी संबंध नाही," काका म्हणाले. "आणि हे साफ होतं. पुढल्या वर्षी टिळा वरच्या झाकणावर लावा. तोंडात नको."

तेवढ्यात विश्वस्त दारात आले. काय अडले आहे, असे त्यांनी विचारले. मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "वय झालंय, सर. त्याचंही, माझंही. कोंजम पोरुंगो." कापूस त्यांच्या खिशात गेला होता. टीचरशी खरे बोलायचे आणि चारचौघांत त्यांची मान खाली जाऊ द्यायची नाही, हे दोन्ही त्यांनी एका दमात साधले. मला काकांविषयी आदर आधीही होता. त्या क्षणी माया वाटली.

पुढच्या फ्लॉप्या सुरळीत गेल्या. प्रत्येक प्रश्नाला काका थांबत, तमिळमध्ये अर्थ सांगत, टीचर विचार करून कळ दाबत. विश्वस्त घड्याळ पाहत होते. भंगारवाला फाटकाशी आला होता. काकांनी एकही प्रश्न गाळला नाही. शेवटचा होकार टीचरनीच दिला, आणि ब्रेलचे यंत्र टेबल हादरवत ठकठक करू लागले.

तो आवाज व्हरांड्यात गेला. पाठोपाठ धावणारी पावले आली. "मिशिन पेसुदु! मिशिन पेसुदु!" यंत्र बोलतेय, असे ओरडत मुली दाराशी गोळा झाल्या. थोरलीने कागद ओढून घेतला, बोट फिरवले आणि किंचाळली, "अय्यो, इतिहासाची चाचणी!" टीचरनी पहिले पान नमुना म्हणून नव्हे, वर्गात वापरण्यासाठीच निवडले होते. विश्वस्त खो खो हसले आणि भंगारवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायला स्वतः गेले.

आज काकांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. हल्ली ते दर आठवड्याला त्या शाळेत जातात. यंत्र ठीक असते, तरी जातात. टीचरकडे ब्रेल शिकतात आणि त्यांच्याच म्हणण्यानुसार वर्गातले सर्वांत ढ विद्यार्थी आहेत. काकांना आणि सुमतीकाकूंना भरपूर आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो, त्यांच्या जिन्यात पाण्याऐवजी पाहुण्यांचीच वर्दळ राहो, ही आपणा सर्वांची मनापासून इच्छा आहे.

या लेखानंतरचे पान वाचकांना कोरे दिसेल. कृपया त्यावर बोट फिरवावे. ते मुलींनी त्याच यंत्रावर छापून पाठवले आहे. टीचरनी सांगितलेला त्याचा अर्थ असा (तात्ता म्हणजे आजोबा): "तात्ता, पूंगोडी आत्ता पहिलीत आली आहे. ती बारावी होईपर्यंत तुम्हाला रजा नाही."